शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसण्याआधी

कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात रुजू होताय, तर महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज सुरू व्हायची वाट बघू नका. पात्र मुलांचे पैसे बहुतेक वेळा कागदासाठी अडतात, आणि कागद जून-जुलैतच जमवावे लागतात.

आधी योजना तोंडपाठ करा. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर आहे म्हणून अनुसूचित जातीच्या मुलाला ‘तुला बसत नाही’ असं सांगून परत पाठवलं जातं. त्याच्यासाठी फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी आहे, हे त्याला त्याच क्षणी सांगता आलं पाहिजे. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीची मर्यादा ८ लाख. २०२४-२५ पासून याच मर्यादेत, कॅप फेरीतून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क नि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठीच्या पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आणि स्वाधार या योजनांबद्दल मुलं सहसा विचारत नाहीत, तेव्हा तुम्हीच विचारा: राहतोस कुठे, जेवतोस कुठे?

दाखल्यांत उत्पन्नाचा दाखला सर्वांत आधी बघा. त्यावर मुदत छापलेली असते. ती ३१ मार्चला संपली असेल तर नवा काढायला लावा. बीडकडची मुलं असतील तर घाई जास्त, कारण दसऱ्यानंतर आईवडील ऊसतोडीला गेले की तलाठ्याकडे जाणार कोण? जात वैधता, नॉन-क्रिमिलेयर, डोमिसाईल, रेशनकार्ड, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, हे ओघानं आलंच. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव मात्र अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

बँकेचं पासबुक बघून थांबू नका. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं कधी सिमकार्ड घेताना उघडलेलं पेमेंट बँकेचं निघतं, कधी शाळेत असताना काढलेलं नि आता बंद पडलेलं. मुलाला समोर बसवून आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे कुठलं खातं आधारशी जोडलंय ते, उघडायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे. ते राहिलं तर मंजूर झालेली रक्कमही हातात पडत नाही.

टेबलाशेजारी एक खुर्ची ठेवा. बाप वारलाय, घर आईच्या मजुरीवर चालतं, हे कुठल्याही मुलीला रांगेसमोर मोठ्यानं सांगायला लागू नये. हे मला नियमांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

कॉलेजच्या लॉगिनमध्ये पडून राहिलेले अर्ज रोज उघडा. चूक दिसली तर नुसतं ‘सेंड बॅक’ करू नका, मुलाला फोन करा. पोर्टलवरचा शेरा तो बघेलच असं नाही. दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांची नूतनीकरणाची यादी वेगळ्या वहीत लिहा. एकदा मिळाली की दरवर्षी आपोआप येते, असं पुष्कळ पालक धरून चालतात. त्यांना पहिल्या वर्षीच सांगून ठेवा.