आजेसासूबाईंचा दाखला

आमची लेक २०१४ मध्ये जन्मली. नवऱ्याचं आयरिश नागरिकत्व नोंदलं गेलं २०१९ मध्ये. मुलगा २०२१ मधला. म्हणून मुलाला आयरिश होता आलं, लेकीला नाही. आई-बाप तेच, पणजी तीच, फरक फक्त तारखेचा. तुमच्या घरात कोणाची आजी आयरिश असेल आणि मूल व्हायचं असेल, तर पुढचं सगळं नंतर वाचा, आधी आयरिश नागरिकत्वाचा अर्ज भरायला घ्या.

मी इंग्लंडमधल्या लीड्सला राहते. नवरा इंग्रज, पण त्याच्या आईची आई, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातल्या. २०१६ मध्ये ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटननं युरोपीय संघ सोडण्याचा, कौल लागला आणि संघातच राहणाऱ्या आयर्लंडच्या पासपोर्टसाठी इथल्या घराघरांत आयरिश आज्यांची आठवण निघायला लागली. आमच्याकडेही निघाली, पण आम्ही दोन वर्षं नुसती आठवणच काढत बसलो.

नियम असा आहे. आई किंवा वडील आयर्लंडमध्ये जन्मलेले आयरिश नागरिक असतील, तर तुम्ही जन्मापासूनच आयरिश. नोंदणीची भानगड नाही, थेट पासपोर्ट मागायचा. माझ्या सासूबाई अशा सत्तर वर्षं आयरिश होत्या आणि त्यांना पत्ताच नव्हता. तिथे जन्मलेले आजी किंवा आजोबा असतील, तर ‘फॉरेन बर्थ्स रजिस्टर’मध्ये, म्हणजे परदेशात जन्मलेल्यांच्या नोंदवहीत, नाव नोंदवावं लागतं, आणि नोंद होते त्या दिवसापासून तुम्ही नागरिक, त्याआधी नाही. पणजी-पणजोबा तिथले असतील, तर १९८६ नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आई-वडिलांची नोंद त्यांच्या जन्माआधी झालेली लागते. आमची लेक इथेच अडकली. आयर्लंड म्हणजे अख्खं बेट, ब्रिटनकडे असलेल्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टची आजीसुद्धा चालते. आडनाव आयरिश आहे किंवा डीएनए चाचणीत अमुक टक्के आयरिश निघालं, याला मात्र काडीचा उपयोग नाही.

आता खरं काम, म्हणजे आजीचा जन्मदाखला. आयर्लंडमध्ये जन्मनोंदणी १८६४ पासून आहे. शंभर वर्षांहून जुन्या जन्मनोंदी आयरिश जिनिऑलॉजी या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. आजेसासूबाईंच्या जन्माला शंभराहून जास्त वर्षं झाली होती, त्यामुळे मला वाटलं दहा मिनिटांचं काम. तीन रात्री गेल्या. घरात सगळे त्यांना डीलिया म्हणायचे, लग्नाच्या दाखल्यावरही डीलिया. त्या नावाची मुलगी मेयोभर कुठे सापडेना. शेवटी सासूबाईंच्या एका म्हाताऱ्या मावसबहिणीनं फोनवर हसत सांगितलं, अगं, डीलिया म्हणजे ब्रिजेट! आपल्याकडे कागदावरचं नाव एक आणि हाक मारायचं दुसरंच असतं, तसंच. ब्रिजेट म्हणून शोधलं, तर स्विनफर्डच्या नोंदणी जिल्ह्यात बाई लगेच सापडल्या.

तिथे आणखी एक गंमत. चर्चमधला बाप्तिस्मा नोंदीतल्या जन्मतारखेच्या नऊ दिवस आधीचा! नोंदवायला उशीर झाला की दंड बसायचा, म्हणून लोक तारीख पुढची सांगायचे. तेव्हा तारीख थोडी पुढेमागे दिसली तर माणूस चुकीचा म्हणून सोडून देऊ नका. आई-वडिलांची नावं आणि गाव जुळतंय का ते बघा. आयरिश आडनावाच्या सुरुवातीचा ‘ओ’ही कधी असतो, कधी गळून गेलेला असतो. जुनी जनगणना शोधायची असेल, तर १९०१ आणि १९११ ची राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत आहे. त्याआधीचं बरंचसं १९२२ च्या यादवीत डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीला लागलेल्या आगीत गेलं.

नोंद सापडली की तिची छापील प्रत काढून भागत नाही. जनरल रजिस्टर ऑफिस या आयर्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाकडून अधिकृत दाखला मागवायचा, आम्हाला वीस युरो आणि वर टपालखर्च पडला.

मग साखळी जोडायची: आजी, आई, तुम्ही. आजीचा जन्माचा, लग्नाचा आणि मृत्यूचा दाखला. आईचा जन्माचा आणि लग्नाचा, आणि ती हयात असेल तर तिच्या पासपोर्टची प्रमाणित प्रत. तुमचा जन्मदाखला, तुमच्या पासपोर्टची प्रमाणित प्रत, पत्त्याचे दोन पुरावे, चार फोटो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या प्रत्येक बाईचा लग्नाचा दाखला लागतोच, नाहीतर साखळी तिथे तुटते. ब्रिजेटची डीलिया झाली त्याचा खुलासा आम्ही वेगळ्या पत्रात लिहून सोबत जोडला.

इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांनी इथे जपून. बहुतेकांच्या कपाटात जो जन्मदाखला असतो तो आखूड असतो, त्यात आई-वडिलांची नावंच नसतात. तो चालत नाही. नवऱ्याचा तसाच निघाला, पूर्ण दाखला नव्यानं मागवला.

अर्ज ऑनलाइन भरायचा, पैसेही तिथेच: मोठ्यांना २७८ युरो, अठराच्या आतल्यांना १५३. मग छापून साक्षीदारासमोर सही करायची. साक्षीदार तुम्हाला ओळखणारा हवा, नातेवाईक नको, आणि त्याचा पेशा त्यांच्या यादीतला हवा: डॉक्टर, शिक्षक, वकील, पोलीस, धर्मगुरू वगैरे. त्यानं अर्जावर आणि दोन फोटोंच्या मागे सही करायची. आमच्यासाठी लेकीच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेनं केली. (बिचारीला तेव्हा माहीत नव्हतं की ज्या मुलीला ती रोज शाळेत बघते तिलाच यातून काही मिळणार नाही.) सगळे मूळ कागद पाकिटात घालून, नोंदणीकृत टपालानं आयर्लंडला. पाठवायच्या आधी पानन् पान स्कॅन करून ठेवा. आमचं सात महिन्यांत आलं, तुम्ही वर्षभराची मनाची तयारी ठेवा आणि तोवर तिकिटं काढू नका.

नोंदणीचं प्रमाणपत्र आलं की पासपोर्टचं काम सोपं. ‘पासपोर्ट ऑनलाइन’ या आयरिश सरकारी सेवेवर अर्ज, मोठ्यांचा दहा वर्षांचा पंचाहत्तर युरोला, मुलांचा पाच वर्षांचा वीस युरोला.

आता मला नेहमी विचारलं जातं ते. नवऱ्यामुळे मी आयरिश झाले का? नाही. लग्नाच्या आधारे नागरिकत्व मागायचं तर आधी आयर्लंडच्या बेटावर राहावं लागतं, साधारणपणे पाचांपैकी तीन वर्षं, आणि त्यातलं शेवटचं सलग. माझा पासपोर्ट भारतीयच आहे. आणि ज्यांच्या मुलांकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी अर्जाआधी दोनदा विचार करावा. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे दुसरं नागरिकत्व स्वखुशीनं घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. आमची दोन्ही मुलं ब्रिटिश आहेत, म्हणून तो प्रश्न आला नाही.

लेकीचं काय? ब्रिटिश असल्यानं ती आयर्लंडमध्ये राहू शकते, शिकू शकते. तिथे काही वर्षं राहून, आयरिश नात्याच्या आधारे, मंत्र्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेला अर्जही तिला करता येईल, पण तो हक्क नव्हे. मागे एका उन्हाळ्यात स्पेनला उतरलो, तेव्हा मी सवयीनं तिला घेऊन बाहेरच्यांच्या लांब रांगेकडे निघाले होते. नवऱ्यानं हाक मारली. युरोपीय नागरिकासोबत प्रवास करणारं त्याचं कुटुंब त्याच्याच रांगेत उभं राहू शकतं, हे त्यानं कुठेतरी वाचून ठेवलं होतं. आम्ही चौघं छोट्या रांगेत गेलो. लेकीच्या पासपोर्टवर शिक्का पडला, धाकट्याच्या नाही, आणि तो परत येईपर्यंत आपल्याला शिक्का का नाही म्हणून रडत होता.