अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधताना या चुका टाळा

ठरावीक अक्षरे असलेला इंग्रजी शब्द हवा असतो आणि अक्षरे टाकल्यावर एकतर शेकडो निरुपयोगी शब्द समोर येतात किंवा काहीच हाती लागत नाही. अशा वेळी दोष बहुधा शब्दसंग्रहाचा नसतो, प्रश्नच मोघम विचारलेला असतो. ए, टी आणि ई ही अक्षरे ‘असलेला’ शब्द म्हणजे नेमका कोणता? फक्त तीच तीन अक्षरे वापरायची असतील, तर ई-ए-टी किंवा टी-ई-ए असे मोजकेच शब्द उरतात. ती ए-टी-ई अशी सलग हवी असतील, तर ‘वॉटर’ आणि ‘प्लेट’ चालतात, पण ‘टेबल’ चालत नाही. क्रमाची अट काढली की ‘टेबल’ही यादीत येतो. शोधसाधनात यांपैकी कोणता पर्याय निवडला आहे, हे आधी पाहावे.

सर्वाधिक घोळ होतो तो एकच अक्षर दोनदा येते तेव्हा. दोन ई असलेला शब्द हवा म्हणून ई-ई असे सलग शोधले, तर ‘वीक’ (आठवडा) सापडतो, पण ‘थीम’ निसटतो, कारण त्यातल्या दोन ईंच्या मध्ये एम आहे. उलट काही साधने दुसरा ई विचारातच घेत नाहीत. वर्डल या लपलेला पाच अक्षरी शब्द ओळखण्याच्या खेळातही हीच फसगत होते. उत्तर ए-बी-आय-डी-ई असताना एस-पी-ई-ई-डी हा शब्द टाकला, तर पहिला ई पिवळा (म्हणजे अक्षर उत्तरात आहे, पण दुसऱ्या जागी) आणि दुसरा करडा दिसतो; करड्या रंगाकडे पाहून ई अक्षर बाद करणारा खेळाडू तिथेच वाट चुकतो. त्या करड्या चौकटीचा अर्थ एवढाच की उत्तरात दुसरा ई नाही.

उच्चारावरून अक्षर ठरवणे ही आपल्याकडची खास सवय, कारण देवनागरीत बहुतेक वेळा जसे बोलतो तसेच लिहितो. इंग्रजीत ‘फ’ ऐकू आला म्हणून एफ शोधल्यास ‘फोटो’ आणि ‘रफ’ दोन्ही हुकतात. पहिल्यात पी-एच आहे, दुसऱ्यात जी-एच. ‘नाइफ’मधला के आणि ‘सायकॉलॉजी’तला पी तर ऐकूच येत नाहीत. पाच स्वरांपैकी एक तरी असणारच, हे गृहीतकही सोडावे: ‘ऱ्हिदम’मध्ये केवळ वाय आहे. स्क्रॅबल या अक्षरे जुळवून शब्द बनवण्याच्या खेळात 10 गुणांचा क्यू हाती आला आणि यू नसला, तरी क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द चालतो.

चिन्हांच्या बाबतीत अनेक शब्दशोधकांत प्रश्नचिन्ह एका अक्षरासाठी आणि तारांकन कितीही अक्षरांसाठी असते. ग्रेपसारख्या (मजकुरात नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी शोधणारी संगणक-आज्ञा) साधनात मात्र तारांकनाचा अर्थ ‘आधीचे अक्षर शून्य किंवा अधिक वेळा’ असा होतो, त्यामुळे तिथे सी-तारांकन-टी लिहिल्यास टी असलेला प्रत्येक शब्द निकालात येतो.

एवढे करूनही शब्द मिळाला नाही, तर यादी तपासावी. ‘कलर’ ब्रिटिश यादीत यूसह असतो, अमेरिकन यादीत यूविना. आणि केवळ मूळ शब्द असलेल्या कोशात एस लावलेली अनेकवचने बहुधा सापडत नाहीत.