कॉल्डरच्या लिथोग्राफवरची सही कशी पारखावी

आधी फ्रेम उघडा. लिथोग्राफ म्हणजे दगडावर काढून कागदावर छापलेलं चित्र; ते काचेआडून पारखता येत नाही. विकणारा उघडू देत नसेल तर व्यवहार तिथेच सोडा.

अलेक्झांडर कॉल्डर (१८९८-१९७६) म्हणजे झुलत्या मोबाइल-शिल्पांचा शिल्पकार. १९५५ साली अहमदाबादला साराभाईंकडे राहून त्याने तिथेही शिल्पं केली. त्याचे लाल-काळ्या-पिवळ्या गोलांचे लिथोग्राफ आजही विकायला येतात, आणि खोट्या सह्याही त्यांच्यासोबत येतात.

दहापट भिंगातून रंग पाहा. ओळीने मांडलेले ठिपके दिसले तर ती ऑफसेटची, म्हणजे फोटोवरून यंत्रावर छापलेली नक्कल. पुढे बघायची गरज नाही.

आता सही. कॉल्डरची सही पुष्कळदा दगडावरच असते, म्हणजे चित्राबरोबर छापून येते. अशा प्रतीला ‘सही केलेला लिथोग्राफ’ म्हणत नाहीत; त्यासाठी छापल्यावर कलाकाराने स्वतः पेन्सिलने केलेली सही लागते. टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. पेन्सिलचं शिसं करडं चमकतं आणि कागदाच्या उंचवट्यांवरच बसतं, बारीक खळगे पांढरे राहतात. छापील रेघ तशी चमकत नाही.

इथवर सगळेच सांगतात, आणि याच्या पुढेच मी फसलो. पेन्सिल खरी होती, लिथोग्राफही अस्सल होता, सही मात्र भलत्याच कुणाची. पॅरिसच्या माग गॅलरीचं ‘देरिएर ल मिरुआर’ हे नियतकालिक १९४६ ते १९८२ या काळात निघालं. त्यात कॉल्डरचे लिथोग्राफ असत, पण साध्या अंकांतल्या पानांवर ना सही, ना क्रमांक. ती पानं सुटी करून विकली जातात आणि मग कुणीतरी कोपऱ्यात सही ठोकून देतं. माझ्या चित्राच्या मधोमध उभी घडी होती. ‘जुना कागद आहे, घडी पडायचीच,’ असं विकणारा म्हणाला आणि मी ते मानलं. ती अंकातल्या जोडपानाची घडी होती.

म्हणून सही बघण्याआधी कागद मोजा आणि उलटा करा. उंची साधारण ३८ सेंटिमीटर, मधोमध घडी, मागे मजकूर किंवा दुसरं चित्र, यातलं काहीही दिसलं तर पेन्सिलची सही खोटी धरूनच चाला. मग रेघेचा वेग पाहा. सवयीचा हात एका झटक्यात सही करतो. गिरवलेली रेघ वळणावर थबकते, तिथे शिसं दाट साचतं.

खालच्या १२/७५ (७५ प्रतींतली बारावी) सारख्या क्रमांकावर विसंबू नका, तोही पेन्सिलनेच लिहिलेला असतो. सोनेरी शिक्क्याच्या प्रमाणपत्राला मी कवडीची किंमत देत नाही. बिलावर लिहून घ्या: ‘कलाकाराची स्वहस्ते पेन्सिलने केलेली सही, खोटी ठरल्यास पूर्ण पैसे परत.’ हे लिहून द्यायला जो काचकूच करेल, त्याच्याकडून घेऊ नका.