बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स करायचाय? उत्तरकाशीचा माझा अनुभव आणि पुढची वाट

दर पावसाळ्यात चार-पाच जण तरी मला विचारतात, ताई ट्रेक भरपूर झाले, आता यातच काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू? प्रत्येकाला फोनवर थोडं थोडं सांगून होतं आणि महत्त्वाचं राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी साताऱ्याची, आता सह्याद्रीत क्लाइंबिंग आणि कॅम्पची इन्स्ट्रक्टर म्हणून काम करते.

मी या वाटेला लागले ते एका वाईट रात्रीमुळे. कॉलेजात असताना एका ग्रुपबरोबर पावसाळी ट्रेकला गेले होते, साठ-सत्तर लोक आणि लीडर दोन, उतरताना अंधार पडला, कातळटप्पा ओला, रोप कुणाकडेच नाही आणि एक मुलगा घसरून त्याचा हात मोडला. लीडर गर्दीत विचारत फिरत होता, कुणाकडे क्रेप बँडेज आहे का. त्या मुलाचा हात माझ्या ओढणीत बांधला, तोही चुकीचाच बांधला होता हे मला नंतर कळलं. तेव्हाच ठरवलं की डोंगरात जायचं तर हे शिकून जायचं.

आपल्याकडे यासाठी सरकारी संस्था आहेत आणि खूप जुन्या आहेत. दार्जिलिंगची १९५४ ची, तिथे तेनझिंग स्वतः फिल्ड ट्रेनिंगचे पहिले प्रमुख होते. मनालीची १९६१ ची, आणि उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था १९६५ ची, तिला सगळे 'निम' म्हणतात. बचेंद्री पाल, एव्हरेस्ट चढणारी पहिली भारतीय बाई (१९८४), मूळच्या उत्तरकाशीजवळच्याच आणि त्यांचं ट्रेनिंगही निमचंच. मी निमला गेले म्हणून तिथलंच सांगते. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो, राहणं खाणं आणि साहित्य त्यांचंच, भारतीयांना फी परवडेल अशी असते. पण बॅचेस खूप आधी भरतात त्यामुळे या वर्षी ठरवलं तर बहुतेक पुढच्या वर्षी जाल असं धरूनच फॉर्म भरा.

तयारीचं बोलू. सगळ्यात जास्त मुलं इथे कमी पडतात. पळायला सगळे पळतात, पाठीवर वजन घेऊन चढायची सवय कुणी करत नाही. मी तीन महिने रोज पहाटे अजिंक्यतारा चढायचे, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून, आधी आठ किलो मग बारा मग सोळा, वर गेलं की पाणी झाडांना ओतायचं आणि रिकामी सॅक घेऊन उतरायचं म्हणजे गुडघे वाचतात. तुमच्या गावाजवळ जी टेकडी असेल ती चालेल.

तिथे गेल्यावर बॅचचे छोटे छोटे गट पाडतात, त्या गटाला रोप म्हणतात आणि प्रत्येक रोपला एक इन्स्ट्रक्टर. माझ्या मते हा कोर्स म्हणजे तो एक माणूस. आमचे सर गढवालचे होते, बोलायचे कमी. सुरुवातीचे दिवस टेखलाच्या कातळावर जायचे, सकाळी चालत जायचं, दिवसभर क्लाइंबिंग, रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं), बिले (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं), गाठी. मला वाटायचं गाठी मला येतात, फिगर ऑफ एट, म्हणजे इंग्रजी आठसारखी दिसणारी गाठ, मी झोपेत मारेन. सरांनी माझी गाठ बघितली नाही, हातात घेतली. अंगठा आणि बोट एकेका फेऱ्यावरून फिरवलं, दोन्ही दोर शेजारी शेजारी जाताहेत का, कुठे एकमेकांवर चढलेत का, मग चारही टोकं ओढून आवळली, शेवटी कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं) गेट बाहेरून दाबून बघितलं की लॉक खरंच बसलंय का. मग म्हणाले, "गाँठ आँख से नहीं, हाथ से देखो." माझ्या गाठीत एक दोर दुसऱ्यावर चढलेला होता. धरली असती ती गाठ, पण ताण आल्यावर सुटायला जड गेली असती आणि घाईत कुणी तपासली असती तर नीट कळलंही नसतं. त्या दिवसापासून मी डोळे मिटून गाठ तपासायची सवय लावून घेतली, ती अजून आहे.

मग भुक्की गावापर्यंत गाडी आणि तिथून पाठीवर सगळं सामान घेऊन वर, तेल कॅम्प, गुज्जर हट आणि मग डोकरानी बामकचा बेस कॅम्प. बामक म्हणजे गढवालीत हिमनदी. बेस कॅम्प साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, आपलं कळसूबाई १६४६, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त उंची, आणि ती दोन-तीन मुक्काम करत हळूहळूच गाठायची असते कारण शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो. सर रोज संध्याकाळी तंबूत डोकावून दोनच प्रश्न विचारायचे, "खाना पूरा खाया? पेशाब कितनी बार?" पहिल्या दिवशी आम्ही मुली लाजलो, पण जेवण जात नाही, डोकं दुखतंय, लघवी कमी आणि पिवळी होतेय हे उंची न मानवण्याचं आणि पाणी कमी पडल्याचं पहिलं लक्षण आणि मुलं ते लपवतात, आपल्याला खाली पाठवतील या भीतीने. प्लीज लपवू नका. आमच्या रोपमधल्या एकीने लपवलं आणि दुसऱ्या दिवशी तिला धरून खाली न्यावं लागलं, आधी सांगितलं असतं तर एक दिवस आराम करून ती परत चालू शकली असती.

बर्फावरचं ट्रेनिंग, क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे लोखंडी काटे) घालून चालणं, घसरल्यावर आइस अ‍ॅक्सने (बर्फाच्या कुऱ्हाडीने) स्वतःला थांबवणं, क्रेव्हासमधून (हिमनदीतल्या भेगेतून) माणूस वर काढणं, हे सगळं तिथे गेल्यावर कळेलच. मला सांगायचंय ते हाइट गेनच्या, म्हणजे ठरलेल्या उंचीपर्यंत चढून परत यायच्या दिवसाचं. आम्ही अंधारात निघालो होतो, ऊन चढायला लागलं तसा रात्रीचा कडक बर्फ मऊ झाला आणि पाय गुडघ्यापर्यंत जायला लागले. ठरलेली जागा वर दिसत होती, चाळीस-पन्नास मिनिटं राहिली असतील. सरांनी आइस अ‍ॅक्सचा दांडा बर्फात खुपसला, अडथळ्याशिवाय पूर्ण आत गेला, तेवढ्यात वरच्या उतारावरून दोन दगड सुटून आले. रात्री बर्फाने धरून ठेवलेले दगड ऊन लागलं की असे सुटतात. सर फक्त "वापस" म्हणाले. मी रडले त्या दिवशी, खरंच. आज माझ्या बॅचला मी अर्ध्यातून फिरवते तेव्हा मुलांचे चेहरे बघून तेच आठवतं आणि तरी फिरवते.

४ ऑक्टोबर २०२२ ला त्याच भागात, द्रौपदी का डांडा २ या शिखरावर, निमच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सची टीम हिमस्खलनात सापडली, पंचवीसहून जास्त जण गेले. त्यात सविता कंसवाल पण होत्या, त्याच वर्षी मे महिन्यात १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू करणाऱ्या, इन्स्ट्रक्टर म्हणून टीमबरोबर होत्या. हे घाबरवायला लिहीत नाहीये, पण घरच्यांशी बोलताना हे लपवून परवानगी मागू नका, उत्तम शिक्षक सोबत असूनही डोंगरात धोका उरतोच आणि हे माहीत असूनच जायचं.

आता करिअरचं. बेसिकमध्ये ए ग्रेड मिळाली तरच अ‍ॅडव्हान्स करता येतो, त्यानंतर सर्च अँड रेस्क्यू (शोध आणि बचाव) आणि मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन (शिकवायचं कसं ते), आणि शिकवायचं असेल तर शेवटचा हा कोर्स खरा महत्त्वाचा. सोबत डोंगरातल्या प्रथमोपचाराचा कोर्स कराच, त्याशिवाय माझ्याकडे मी कुणाला रोपवर उभं करत नाही. पैसे दिवसावर मिळतात आणि सीझनवर अवलंबून असतात, पावसात ट्रेक, थंडीत क्लाइंबिंग आणि शाळांचे कॅम्प, उन्हाळ्यात हिमालय, मधे हात रिकामे. पहिली तीन वर्षं मी सकाळी ट्यूशन घ्यायचे. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आल्यापासून निदान लोक सर्टिफिकेट विचारायला लागलेत हे चांगलं झालं.

आणि ज्यांना कोर्स नाही करायचा, फक्त चांगल्या माणसाबरोबर एखादं रॅपलिंग किंवा क्लाइंब करायचंय, त्यांनी पैसे भरायच्या आधी फोन करून विचारा, किती लोकांमागे किती इन्स्ट्रक्टर, रोप किती जुना, बॅकअपला वेगळा अँकर (दोर बांधायची पक्की जागा) आहे का, हेल्मेट सगळ्यांना मिळणार का, आणि शेवटचं कधी अर्ध्यातून परत फिरलात आणि का. या शेवटच्या प्रश्नाला जो लगेच तारीख, जागा आणि कारण सांगतो त्याच्याबरोबर मी माझ्या धाकट्या भावाला पाठवेन.

जाणाऱ्यांनी बूट निदान दोन महिने आधी घेऊन वापरून मऊ करा, लोकरीचे मोजे चार जोड तरी न्या, आणि पायाची नखं निघायच्या आदल्या दिवशी कापा, उतरताना अंगठा बुटाला टेकतो आणि नख काळं पडतं.