चार ते पाचमधे बसणारी लव्हस्टोरी: ज्यू-ख्रिश्चन प्रेमाची युद्धकादंबरी लिहायची असेल तर

गेली दोन वर्षं मी अशी एक कादंबरी लिहितेय. बर्लिन, तो ज्यू, ती प्रोटेस्टंट, काळ 1941 ते 43. पहिला ड्राफ्ट मैत्रिणीला दिला तर ती म्हणाली, छान आहे गं, पण यातला जर्मनी काढून दुसरा कुठलाही देश टाकला तरी चालेल. झोंबलं, पण खरं होतं. माझ्याकडे बूट वाजवत येणारे नाझी होते, पावसात भिजणारी हिरॉइन होती आणि बाकी ठणठणाट. मग सगळं बाजूला ठेवून परत सुरुवात केली, त्यात जे हाताला लागलं ते सांगते.

पात्रांची नावं नंतर, आधी लग्नाची तारीख ठरवा. 15 सप्टेंबर 1935 ला न्यूरेंबर्ग कायदे आले आणि ज्यू व 'जर्मन रक्ताच्या' माणसांनी एकमेकांशी लग्न करणं बंद झालं, लग्नाबाहेरचे संबंधसुद्धा गुन्हा. पण आधी झालेली लग्नं कायद्याने रद्द केली नाहीत. म्हणजे तुमच्या जोडप्याने ऑगस्टमधे सही केली असेल तर ते नवरा-बायको, आणि 'जरा नोकरीचं मार्गी लागू दे' म्हणत दोन महिने थांबले असतील तर थेट गुन्हेगार. त्यात लग्नाबाहेरच्या संबंधांसाठी कायद्यात शिक्षा लिहिलीय ती फक्त पुरुषाला, त्यामुळे तो ज्यू की ती ज्यू यावर अख्खी गोष्ट फिरते.

आता धर्मांतराचं. आंतरधर्मीय म्हटलं की आपल्या डोक्यात एक वाट तयारच असते, कोणीतरी धर्म बदलायचा, घरचे चार वर्षं बोलत नाहीत, मग नातू झाला की बारशाला येतात. तिथे ही वाट बंद. आजी-आजोबा मिळून चारांपैकी तीन ज्यू असले की तुम्ही ज्यू, मग बाप्तिस्मा घेऊन तीस वर्षं चर्चमधे ऑर्गन का वाजवत असेनात. आणि आजोबा ज्यू कशावरून? तर ज्यू धर्मसमाजाच्या नोंदीवरून! गप्पा रक्ताच्या आणि पुरावा धर्माच्या वहीतला. हा विनोद तुमच्या एखाद्या पात्राला कळू द्या, पण मोठ्याने बोलायला लावू नका.

मूल आहे की नाही हेही सुरुवातीलाच ठरवा. नवरा ज्यू असेल आणि मुलं ज्यू म्हणून वाढवलेली नसतील तर ते लग्न 'सवलतीचं' धरत, म्हणजे 19 सप्टेंबर 1941 पासून जो पिवळा तारा छातीवर शिवावा लागला तो त्याला लागू नाही. मूलबाळ नसलेल्या जोडप्यातल्या ज्यू नवऱ्याला मात्र तारा. मी दुसऱ्या ड्राफ्टात हे चुकवलं होतं, मुलगा पण होता आणि तारा पण, सगळी चाळीस पानं गेली.

द्वेष कसा दाखवायचा हा खरा प्रश्न. शिव्या आणि दगडफेक वाचून वाचक वाईट वाटून घेतो आणि पुढे जातो, नियम मात्र डोक्यात राहतो. बर्लिनमधे जुलै 1940 पासून ज्यूंना खरेदी फक्त दुपारी 4 ते 5. रेशनकार्डावर J, म्हणजे Jude, ज्यू. माझा नवा सीन असाय की तो चारला पाच कमी असताना दुकानाबाहेर उभा आहे, भाजी संपत चाललीय, आतून दुकानदारीणबाई काचेतून बघून हसतात, बाई चांगल्या आहेत, त्याला आठ वर्षं ओळखतात, पण घड्याळ बघतात आणि दार उघडत नाहीत. आत घेतल्यावर कोबी देताना हळूच म्हणतात, तुमचं वेगळं हो, तुम्ही काही त्यांच्यासारखे नाही. बस्स. या एका वाक्यात जेवढा ज्यूद्वेष आहे तेवढा माझ्या आधीच्या तीन प्रकरणांत नव्हता. सासूलाही असंच बोलू द्या, प्रेमाने.

खऱ्या माणसांकडून शिकायचं तर ड्रेस्डेनचे, कायद्याने ज्यू ठरलेले प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्पेरर आणि त्यांची ज्यू नसलेली बायको एफा. 1942 मधे ज्यूंच्या घरात पाळीव प्राणी नको असा हुकूम निघाला, दुसऱ्याला द्यायचीही सोय नाही, म्हणून त्यांनी मुशेल नावाचं आपलं मांजर डॉक्टरकडे नेऊन मारून घेतलं. नवरा-बायकोचं प्रेम अशा ठिकाणी दिसतं. आणि घटस्फोटात. तिने घटस्फोट घेतला की बायको ज्यू नाही म्हणून नवऱ्याला असलेलं संरक्षण गेलंच, आणि घे म्हणून तिच्यामागे लकडा सतत. ती सही करत नाही एवढंच दाखवा, 'तुझ्याशिवाय जगू शकत नाही' वगैरे खोडून टाका.

रोझेनस्ट्रासे या बर्लिनमधल्या रस्त्यावरच्या प्रसंगाचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झालाय. 27 फेब्रुवारी 1943 ला बर्लिनमधे ज्यूंची धरपकड झाली, मिश्र लग्नातले वगैरे सुमारे 2000 जण त्या रस्त्यावरच्या इमारतीत कोंडले, त्यांच्या बायका बाहेर येऊन दिवसच्या दिवस उभ्या राहिल्या आणि बहुतेक जण सुटले. बायकांमुळेच सुटले का, यावर इतिहासकारांचं जमत नाही. तुमच्या हिरॉइनला तरी कुठे माहितीय? तिला थंडी वाजतेय, हातात डब्याची पिशवी आहे, तेवढंच लिहा. आणि तो आत काय करतोय तेही लिहा हं, नाहीतर ती वाचवणारी आणि तो नुसता वाचणारा, असा गुळगुळीत प्रकार होतो. त्याला चिडचिडा ठेवा, बुद्धिबळात हरलेलं न आवडणारा ठेवा.

आपल्याकडची माती हवीच असेल तर ओढूनताणून आणायला नको. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि त्यांची ज्यू बायको कॅथे नाझींपासून निघून मुंबईला आले, एस. एच. रझांसारख्या तरुण चित्रकारांना त्यांनी हात दिला. आणि 1939 ला युद्ध लागल्यावर इंग्रजांनी जर्मन पासपोर्टवाल्यांना अहमदनगरच्या कँपात टाकलं, त्यात हिटलरपासून पळून आलेले ज्यूसुद्धा, नाझींच्याच शेजारी. यावर मराठीत कोणीतरी लिहा प्लीज.

शेवट मे 1945 ला मिठीवर करू नका. सहा महिने पुढे जा. तो चारऐवजी सकाळी दहाला त्याच दुकानात गेलाय, बाई दार उघडून म्हणतात, या या, किती दिवसांनी, कुठे होतात?