विमा घेण्यापूर्वी : आंतरराज्य आयोगाचे अधिकार कुठपर्यंत पोहोचतात

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या वर्षभरातच विम्याविषयी कोणी ना कोणी गाठतेच. कधी तो कार्यालयातला सहकारी असतो, तर कधी मंडळाच्या गणेशोत्सवात नुकतीच ओळख झालेले गृहस्थ. बोलण्याच्या ओघात एक वाक्य हमखास येते : "ही पॉलिसी चाळीसहून अधिक राज्यांत मंजूर झालेली आहे." हे वाक्य पुष्कळदा खरे असते, पण ऐकणारा त्यातून जो अर्थ काढतो, तो मात्र सहसा बरोबर नसतो. ही मंजुरी राज्यांनी आपसात करार करून उभारलेला एक आयोग देतो; तो ती कशाला देतो आणि तिच्यातून काय वगळलेले असते, हे सहीपूर्वी समजून घ्यावे असे मला कळकळीने वाटते. मंडळातल्या नव्या कुटुंबांची कागदपत्रे पाहताना हाच गैरसमज मला वारंवार आढळतो.

भारतात विम्याचा नियामक एकच आहे. हैदराबादेतील भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाचा नियम पुण्याला लागू होतो तसाच पाटण्यालाही. ती सवय घेऊन आपण येथे येतो आणि वॉशिंग्टनमध्येही असेच एखादे कार्यालय असेल, असे गृहीत धरतो. तसे कार्यालय येथे नाही. विमा हा राज्याराज्यांतील व्यापार नव्हे, असा निर्णय संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६९ साली दिला होता. १९४४ साली त्याच न्यायालयाने तो फिरवला, आणि लगेच पुढच्या वर्षी, १९४५ मध्ये, काँग्रेसने, म्हणजे येथील संसदेने, मॅककॅरन-फर्ग्युसन कायदा करून विम्याचे नियमन राज्यांच्याच हाती राहील असे ठरवले. २०१० च्या वित्तीय सुधारणा कायद्याने संघीय विमा कार्यालय निर्माण झाले खरे, परंतु ते विमा बाजारावर लक्ष ठेवते आणि सल्ला देते. पॉलिसी मंजूर करणे हे त्याचे काम नाही.

याचा परिणाम असा होता, की आयुर्विम्याचा एकच मसुदा कंपनीला प्रत्येक राज्यात स्वतंत्रपणे सादर करावा लागे, आणि प्रत्येक विमा खाते त्यात आपापले बदल सुचवीत असे. त्यावर उपाय म्हणून राज्यांनी आपसात करार केला. सारख्याच मजकुराचा कायदा प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने संमत करायचा आणि त्यातून एक सामाईक संस्था उभी करायची, ही पद्धत या देशात जुनी आहे; न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी यांचे १९२१ चे पोर्ट अथॉरिटी हे तिचे ठळक उदाहरण. जर्सी सिटीहून मॅनहॅटनला जाणारी पाथ गाडी तुम्ही वापरत असाल, तर आंतरराज्य कराराचा लाभ तुम्ही रोज घेतच आहात. विम्याच्या करारात २००४ साली कोलोरॅडो आणि युटा ही राज्ये सर्वप्रथम सामील झाली. २००६ मध्ये आवश्यक तेवढी राज्ये मिळून आयोग अस्तित्वात आला आणि २००७ पासून तो पॉलिसींचे मसुदे स्वीकारू लागला. त्याचे पूर्ण नाव 'इंटरस्टेट इन्शुरन्स प्रॉडक्ट रेग्युलेशन कमिशन' असे आहे. व्यवहारात त्याला 'इन्शुरन्स कॉम्पॅक्ट' म्हणतात. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि फ्लोरिडा ही तीन मोठी राज्ये त्याच्या बाहेर राहिलेली आहेत, ही गोष्ट आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावी, कारण मराठी वस्ती या राज्यांत मोठी आहे.

आयोगाचे क्षेत्र चार प्रकारच्या विम्यापुरते आहे : आयुर्विमा, ॲन्युइटी (भरलेल्या रकमेच्या बदल्यात पुढे नियमित उत्पन्न देणारी योजना), आजारपणाने किंवा अपघाताने काम करणे अशक्य झाल्यास उत्पन्न देणारा विमा, आणि वृद्धापकाळातील दीर्घ शुश्रूषेचा विमा. मोटारीचा विमा, घराचा विमा, भाड्याच्या घरातील सामानाचा विमा, नेहमीचा आरोग्य विमा किंवा आईवडील भेटीला येतात तेव्हा घेतला जाणारा प्रवासी वैद्यकीय विमा यांच्याशी त्याचा संबंध नाही. नवागतांच्या पहिल्या सहा महिन्यांतील बहुतेक प्रश्न या दुसऱ्या यादीतले असतात. त्यांच्यासाठी थेट आपल्या राज्याच्या विमा खात्याकडेच जावे लागते.

आयोगाचा मुख्य अधिकार एकसमान मानके, म्हणजे पॉलिसीच्या मजकुरात काय असावे याचे सामाईक नियम, ठरवण्याचा. प्रत्येक सदस्य राज्याला एक मत असते, आणि दोन-तृतीयांश सदस्य अनुकूल असल्याखेरीज कोणतेही मानक संमत होत नाही. दैनंदिन कारभार जास्तीत जास्त १४ सदस्यांची व्यवस्थापन समिती पाहते. संमत मानक साधारणपणे ९० दिवसांनी अमलात येते, आणि मग सदस्य राज्यांत त्याला कायद्याचेच बळ असते. एखाद्या राज्याला ते मान्य नसेल, तर कायदा करून किंवा विहित मुदतीत नियम काढून त्या मानकापुरते बाहेर पडण्याची मुभा आहे. दीर्घ शुश्रूषेच्या बाबतीत काही राज्यांनी करारात येतानाच तसे केलेले आहे. त्यामुळे "आमचे राज्य सदस्य आहे" एवढ्या माहितीवर थांबू नये. कोणत्या मानकातून ते बाहेर आहे, हेही पाहावे.

दुसरा अधिकार मसुद्यांच्या छाननीचा आणि मंजुरीचा. येथे एक बारकावा आहे, जो मला कोणत्याही विक्रेत्याच्या तोंडून ऐकायला मिळालेला नाही. दरांची तपासणी करण्याचा आयोगाचा अधिकार उत्पन्न-विमा आणि दीर्घ शुश्रूषा विमा यांच्यापुरता आहे. साध्या मुदतीच्या आयुर्विम्यात तुम्ही जो हप्ता भरणार, तो वाजवी आहे असे आयोगाने म्हटलेले नसते. त्याने फक्त कराराचा मजकूर मानकाशी ताडून पाहिलेला असतो. जाहिरातींचेही तसेच : त्या तपासण्याचा अधिकार केवळ दीर्घ शुश्रूषा विम्यापुरता दिलेला आहे. म्हणून 'इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ' सारख्या, म्हणजे आयुर्विम्यासोबत शेअर निर्देशांकाशी जोडलेली बचत देणाऱ्या, योजनेत वीस वर्षांनी किती रक्कम साचेल याचा रंगीत तक्ता कोणी पुढे ठेवला, तर "आयोगाने मंजूर केलेली योजना" या शब्दांचा त्या तक्त्यातील आकड्यांना आधार समजू नये. ही योजना तुम्हाला परवडेल का, व्हिसाची मुदत संपून परत जावे लागल्यास ती मोडताना किती रक्कम कापली जाईल, याचा विचार आयोग करत नाही. तो तुमचा तुम्हालाच करावा लागतो. नव्याने आलेल्या आणि येथे किती वर्षे राहणार हे ठाऊक नसलेल्या कुटुंबाने मुदतीच्या साध्या आयुर्विम्यापलीकडे जाण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॉलिसी आयोगामार्फत आली की राज्यामार्फत, हे ओळखणे सोपे आहे. मुखपृष्ठाच्या तळाशी, बहुधा डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत मसुद्याचा क्रमांक छापलेला असतो. त्याची सुरुवात रोमन लिपीतील आयसीसी या तीन अक्षरांनी आणि त्यांना जोडून आलेल्या दोन अंकांनी होत असेल, तर तो मसुदा आयोगाकडे सादर झालेला आहे. अंक वर्ष दाखवतात, म्हणजे १८ असल्यास २०१८. ती अक्षरे नसली तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण आयोगाकडे जाणे कंपन्यांना सक्तीचे नाही; राज्याकडून मंजुरी घेतलेला मसुदाही तितकाच वैध असतो आणि त्याला त्या राज्याचा कायदा लागू होतो. आत पुढे एक कलम सापडेल : ही पॉलिसी आयोगाच्या अधिकारात मंजूर झालेली असून तिचा जो भाग मानकांशी विसंगत असेल, तो मानकांनुसार दुरुस्त झालेला समजावा. हे कलम ग्राहकाच्या हिताचे आहे. कंपनीने मसुद्यात काही कमी दिले असले, तरी मानकाने दिलेला किमान हक्क त्यामुळे शाबूत राहतो.

त्या किमान हक्कांपैकी तीन गोष्टी लगेच उपयोगी पडतात. वैयक्तिक आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यावर ती वाचून, नको असल्यास पैसे परत मागण्यासाठी किमान १० दिवस मिळतात; भारतात आता ही मुदत ३० दिवसांची आहे, तेव्हा तिकडच्या हिशेबाने निवांत राहू नये. मुदतीच्या विम्याचा हप्ता चुकल्यास ३१ दिवसांची सवलत असते. आणि पॉलिसी दोन वर्षे चालल्यानंतर अर्जातील चुकीच्या माहितीवरून कंपनीला ती सहसा नाकारता येत नाही. भारतात विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार ही मुदत तीन वर्षांची आहे. मात्र उघड फसवणुकीचा प्रश्न आला, तर एकसमान मानकही राज्याच्या कायद्याकडेच बोट दाखवते. म्हणून तंबाखू, मधुमेह, भारतात झालेल्या शस्त्रक्रिया, घरच्यांचे आजार यांविषयी अर्जात खरे तेच लिहावे. मित्राने सुचवलेले "सोपे" उत्तर अडचणीत टाकते, आणि ते तुम्हाला नव्हे, तर मागे राहिलेल्या जोडीदाराला.

आयोगाचे मानक आणि राज्याचा कायदा यांच्यात विरोध आला तर काय, हा प्रश्न कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि २०२० साली त्याचा निकाल लागला. आत्महत्येच्या प्रसंगी विम्याची रक्कम नाकारण्याची मुदत त्या राज्याच्या कायद्यात एक वर्षाची होती, आणि आयोगाच्या मानकाने ती दोन वर्षांपर्यंत ठेवण्याची मुभा दिली होती. मृत्यू पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या दरम्यानचा होता. विधिमंडळाने केलेला कायदा बाजूला सारण्याचा अधिकार काँग्रेसची संमती नसलेल्या आंतरराज्य आयोगाला देता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा निर्णय कोलोरॅडोपुरता बंधनकारक आहे. तरीही त्यातून आयोगाच्या अधिकाराला राज्यघटनेची मर्यादा आहे हे दिसून आले, आणि माझ्या मते ग्राहकाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता.

जे अधिकार राज्याने स्वतःकडे ठेवले आहेत, ते नवागताला अधिक जवळचे आहेत. एजंटाचा परवाना राज्य देते आणि राज्यच काढून घेते. विक्रीतील खोटी आश्वासने, दावा देण्यात होणारी दिरंगाई, कंपनीची आर्थिक स्थिती हे सारे राज्याच्या विमा आयुक्तांच्या कक्षेत येते. करारानेही राज्याच्या महाधिवक्त्यांचे अधिकार आणि तुमचा न्यायालयात जाण्याचा हक्क कायम ठेवलेला आहे. एखाद्या एजंटाविषयी तक्रार असेल, तर ती आयोगाकडे पाठवून वेळ घालवू नये. राज्याच्या विमा खात्याचा तक्रार अर्ज ऑनलाइन भरावा आणि सोबत एजंटाने पाठवलेले संदेश व तक्ते जोडावेत. सही करण्यापूर्वी त्याच खात्याच्या संकेतस्थळावर एजंटाचे नाव शोधून परवाना चालू आहे का, हे पाहावे. ओळखीच्या माणसाचा परवाना तपासायला आपल्याला संकोच वाटतो, पण प्रामाणिक एजंटाला त्याचे वाईट वाटण्याचे काही कारण नाही.

आता स्थलांतराविषयी, कारण आपल्यापैकी अनेकांची नोकरी न्यू जर्सीतील एडिसनहून टेक्सासमधील डॅलसला आणि तेथून कॅलिफोर्नियातील सॅन होजेला जाते. न्यू जर्सीत घेतलेली आयुर्विम्याची पॉलिसी राज्य बदलल्याने रद्द होत नाही. तिचा मजकूर जसा होता तसाच राहतो, फक्त पत्ता कळवायचा असतो. टेक्सासही सदस्य असल्यामुळे तेथे नवी पॉलिसी घेतली तर तिची भाषा ओळखीची वाटेल. कॅलिफोर्नियात घेतली, तर तिचा मसुदा त्या राज्याच्या कायद्यानुसार वेगळा असेल, आणि जुन्या पॉलिसीवरून अंदाज न बांधता तो पहिल्यापासून वाचावा लागेल. एडिसनमध्ये राहून मॅनहॅटनमध्ये नोकरी करणाऱ्यांनी कोणत्या राज्याचा अर्ज भरून घेतला जात आहे, हे सहीपूर्वीच विचारावे. कंपनी बुडाल्यास संरक्षण देणारी हमी संघटनाही राज्याची असते, आणि साधारणपणे त्या वेळी तुम्ही जेथे राहत असाल त्या राज्याची मर्यादा लागू होते. अनेक राज्यांत मृत्युलाभासाठी ती ३ लाख डॉलर आहे, तर काही राज्यांत ५ लाख.

आयोगाच्या कामात सामान्य माणसालाही जागा आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. त्याच्या बैठका जाहीर असतात, प्रस्तावित मानकांचे मसुदे त्याच्या संकेतस्थळावर ठेवले जातात, ग्राहकांसाठी स्वतंत्र सल्लागार समिती आहे, आणि प्रत्येक मानकाचा दर पाच वर्षांनी फेरविचार होतो. फेरविचाराच्या वेळी लेखी सूचना पाठवता येतात. त्या पाठवणाऱ्यांत विमा कंपन्यांचे वकील नेहमीच असतात. दोन देशांत आयुष्य विभागलेल्या कुटुंबांचे प्रश्न, म्हणजे भारतात झालेल्या मृत्यूचा दाखला किंवा परदेशी पत्त्यावरील नामनिर्देशित व्यक्ती, त्यांच्या पत्रांतून आपोआप मांडले जाणार नाहीत. आपल्या मंडळांत विमा क्षेत्रात काम करणारे अनुभवी लोक आहेत. त्यांनी एकत्र बसून असे एखादे निवेदन तयार करावे, ही माझी त्यांना विनंती आहे.