बिल्डरला मसुदा पाठवताय? शेऱ्यांवरची नावं काढताना या चुका टाळा

पुनर्विकासाच्या कराराचा मसुदा मुंबईतल्या सोसायटीत हल्ली गूगल डॉक्सवर नाहीतर वर्डच्या फाइलमध्ये फिरतो. कुणी कार्पेट एरियावर शेरा मारतं, कुणी कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) कधी मिळणार ते विचारतं, कुणाला भाड्याचे चेक आगाऊ हवे असतात. हे शेरे बिल्डरच्या वकिलापर्यंत जायलाच हवेत. कोणता शेरा कोणत्या सभासदाचा, हे मात्र जाऊ नये. नाहीतर दोन दिवसांत बिल्डरचा माणूस नेमकी त्याच दाराची बेल वाजवतो: "काका, तुमचं काय ते आपण वेगळं बघू."

भलतंच 'रिमूव्ह ऑल' दाबणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. वर्डमध्ये फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट असं गेलं की तपासणीचा निकाल येतो आणि त्यात बऱ्याच ओळींसमोर तेच बटण असतं. 'कॉमेंट्स, रिव्हिजन्स' या ओळीसमोरचं दाबलंत तर नावं राहिली बाजूला, शेरेच उडतात. शिवाय ट्रॅक केलेले सगळे बदल मुकाट्याने स्वीकारले जातात, म्हणजे सोसायटीने कुठलं कलम खोडलं हे समोरच्याला दिसतच नाही. आपल्याला हवी असते ती 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन' ही ओळ. तिथलं बटण दाबून फाइल सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडा. नावाच्या जागी 'ऑथर' दिसलं की काम झालं.

हे सगळं कॉपीवर करायचं. गेलेली नावं त्या फाइलमध्ये परत येत नाहीत, आणि पुढे कमिटीने तिथेच नवे शेरे लिहिले तर सेव्ह करताना त्यांचीही नावं पुसली जातात. (इन्फोमध्ये ही माहिती साठवू देण्याची लिंक असते. ती पुढच्या शेऱ्यांपुरती.)

ऑप्शन्समध्ये जाऊन युजर नेम बदलणारेही पुष्कळ असतात. त्याने जुन्या शेऱ्यांना धक्का लागत नाही.

सगळेच 'ऑथर'

आता दुसरी कटकट. तिघांची चर्चा एकाच 'ऑथर'च्या नावावर गेली की एकच माणूस स्वतःशी भांडतोय असं वाटतं. वकिलाला तर हे दोन वेगळे आक्षेप आहेत की एकाचाच खुलासा, ते कळायला हवं. अशा वेळी मी लिबरऑफिस हे वर्डसारखंच सॉफ्टवेअर वापरायला सांगेन, ते फुकट आहे. नावं शाबूत असलेली कॉपी घ्या. टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस, सिक्युरिटी, तिथल्या ऑप्शन्स बटणात 'रिमूव्ह पर्सनल इन्फर्मेशन ऑन सेव्हिंग'वर खूण करा आणि सेव्ह करा. नावांऐवजी ऑथर१, ऑथर२ असे वेगवेगळे धनी मिळतात, शेऱ्याच्या वेळाही जातात. रात्री दीड वाजता शेरे कोण लिहितं हे अख्ख्या विंगला ठाऊक असतं, तेव्हा वेळ गेलेली बरी. वर्डची फाइल इथे सेव्ह केल्यावर तक्ते आणि पानं हलली नाहीत ना, तेवढं बघून घ्या.

गूगल डॉक्सची लिंक तशीच पाठवणं

कॉमेंट करण्याची परवानगी देऊन लिंक दिली की नावं आणि फोटो दोन्ही गेले. शेरा रिझॉल्व्ह केला तरी तो फक्त नजरेआड होतो, कॉमेंट्सच्या यादीत नावासकट सापडतो. शेरे ठेवून नुसती नावं काढण्याची सोय तिथे नाही. फाइल वर्डमध्ये डाउनलोड करा, नावं तिच्यासोबत येतात, मग वरचीच वाट.

शेऱ्याच्या मजकुराकडे न बघणं

कुठलंच सॉफ्टवेअर हे काम करत नाही. "आमच्या ४०२ला टेरेस आहे, तिचं काय?" यावर 'ऑथर' लिहून कोणाला फसवणार? शेवटी सवयीने लिहिलेली आद्याक्षरं, @ लावून घातलेला ईमेल, "सावंतकाकांशी सहमत" हे सगळं हाताने शोधावं लागतं. आडनावं मराठी आणि रोमन दोन्ही लिपींत शोधा, मग फ्लॅट नंबर, मग @ चिन्ह. टेरेसचा मुद्दा "टेरेस असलेल्या सदनिकांबाबत" असा फिरवून लिहिता येतो.

पीडीएफ करूनच पाठवायचं असेल तर आधी नावं काढा, मग पीडीएफ. शेऱ्यांसकट पीडीएफ केली की समासातल्या प्रत्येक चौकटीत आद्याक्षरं छापली जातात, आणि वीस बिऱ्हाडांच्या इमारतीत दोन अक्षरं ओळखायला पुरतात.